डाग आणि वाव

वहिनीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, आणि तो किड्यांपासून सुरू व्हायचा. आदल्या दिवशी दुरुस्तीला आलेले गाड्यांचे रेडिएटर ती नळाजवळ उभे करायची आणि जाळीत अडकलेले पतंग, माश्या, गवताच्या काड्या बारीक तारेने एकेक काढायची. ती जाळी कागदासारखी असते, घाई केली की वाकते. तिच्या हातून वाकलेली मी पाहिली नाही. शेजारी माझं वेल्डिंगचं दुकान होतं. मी शटर वर करायचो तेव्हा तिचं निम्मं काम उरकलेलं असायचं, आणि मला उगाच उशिरा आल्यासारखं वाटायचं.

आमच्या दुकानांची सगळी ओळ तिला वहिनी म्हणायची, कारण तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा आणि दिराचा आवाज मोठा होता. टायरवाला तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही वहिनीच म्हणायचा. तिचा नवरा इंजिनं खोलायचा, तो मिस्त्री. धाकटा दीर गाड्यांचा पत्रा ठोकायचा, तो पत्रेवाला. तिघांची दुकानं भिंतीला भिंत लागून.

फुटलेल्या जागी कथील वितळवून जोड दिला की आम्ही त्याला डाग म्हणतो. घाईने दिलेला कच्चा डाग निस्तेज दिसतो आणि महिन्याभरात पाझरतो. वहिनीचा डाग आरशासारखा असायचा. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "डाग लावणारी बाई कुठे बसते?" टायरवाला सांगायचा, "डाग लावणारे इथे पुष्कळ. टिकणारा हवा असेल तर नळाजवळचं दुकान."

पत्रेवाल्याचा शब्द होता वाव. कुठलाही पत्रा बसवताना तो बोटभर जागा मोकळी सोडायचा. "पत्र्याला वाव लागतो," म्हणायचा, "नाहीतर खडखडतो आणि चिरतो." गाडीच्या बाबतीत ते खरंच होतं. त्याने बसवलेलं दार कधी वाजलं नाही.

दोघा भावांनी विमान बांधायला घेतलं. दोन माणसं बसतील एवढं. गावाबाहेर गवताची धावपट्टी होती, तिथे अशी घरी बांधलेली आणखी काही विमानं होती आणि एक उड्डाण शिकवणारे गुरुजी होते. इंजिन भंगारातल्या गाडीचं, पण वेगळ्या जातीचं. त्यात दट्टे वर-खाली होत नाहीत. एक तिकोनी फिरकी आत गोल फिरते. हलकं, लहान आणि अंगात जोर. आम्ही त्याला तिकोनी म्हणायचो. त्याचं एकच दुखणं, ते तापतं. आणि विमानाच्या नाकात गाडीएवढा रेडिएटर मावत नाही.

ते इंजिन ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर बसतं तो मी वेल्ड केला. वहिनीने तांब्या-पितळेचे दोन लहान रेडिएटर करून दिले, इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक. त्यांच्याकडे हवा नेणारी पत्र्याची वाट पत्रेवाल्याने वळवली. वाट सुंदर होती. पत्रा आणि रेडिएटर ह्यांच्यामध्ये त्याने सवयीने वाव सोडला.

विमान उडलं. उन्हाळाभर लहान लहान फेऱ्या झाल्या. तापमानाचा काटा नेहमी जरा वर असायचा. मग एका दुपारी मिस्त्री लांबच्या फेरीला गेला आणि पाणी उकळलं. इंजिन जागच्या जागी जाम झालं. विमान नांगरलेल्या शेतात उतरलं, म्हणजे आपटलं. मिस्त्री वाचला, उजवा गुडघा मात्र कायमचा ताठ झाला.

मोडलेलं विमान ट्रकवर घालून ओळीत आणलं तेव्हा सगळे जमले होते. रेडिएटरची एक शिवण उकललेली होती. पत्रेवाल्याने ती सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "वहिनीचा डाग सुटला. पाणी गेलं, मग इंजिन गेलं. दुसरं काय?"

वहिनीने रेडिएटर हातात घेतला. पितळी टाकी आतून फुगलेली होती आणि कथील दोन्ही कडांना चमकत होतं. कच्चा डाग असा फाटत नाही. तो एका कडेचा सुटून येतो. "भावजी, हा सुटलेला नाही, फोडलेला आहे," ती म्हणाली. "आधी पाणी उकळलं, वाफ कोंडली, मग शिवण फाटली."

"फुटला म्हणजे फुटलाच की, वहिनी. आधी काय आणि मग काय."

लोक हसले नाहीत, पण निघाले. ते हसण्यापेक्षा वाईट.

दवाखान्यातून आल्यावर मिस्त्री तिला म्हणाला, "जाऊ दे. माणसाच्या हातून होतं."

"तुमचा गुडघा जाऊ दे म्हणा," ती म्हणाली. "माझा डाग जाऊ देणार नाही."

मी शेजारी माझ्या दुकानात होतो, भिंत पातळ होती. त्यानंतर त्या घरात ह्यावर कुणी बोललं नाही. नवऱ्याने भावाचं खरं धरलं, हे तिला दिराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं असणार. तिने तसं कधी म्हटलं नाही. तिने फक्त त्याच्या ताटात वाढताना वर बघायचं सोडलं.

काम कमी झालं. गिऱ्हाईक दारात उभं राहून चेष्टा करायचं, "वहिनी, रेडिएटर उडणार तर नाही ना?" ती म्हणायची, "तुमची गाडी? ती चढ चढली तरी खूप झालं." गिऱ्हाईक हसायचं आणि रेडिएटर दुसऱ्या गल्लीत न्यायचं.

ती फाटलेली जोडी मात्र तिने भंगारात दिली नाही. एकदा मला बोलावून म्हणाली, "भाऊ, ह्याची जाळी बघा."

मी बघितली. "स्वच्छ आहे."

"तेच. उन्हाळाभर गवतावरून उडलेलं विमान. माझ्याकडे गाडी चार दिवस फिरून आली तरी जाळीत किडे असतात. हिच्यात एक माशी नाही. आता कड बघा."

कडेला, जिथे पत्र्याचा वाव येत होता, तिथे टाकीवर किड्यांचा आणि धुळीचा काळा थर बसला होता. नखाने खरवडला तरी निघेना.

"हवा जाळीतून गेलीच नाही," ती म्हणाली. "तिला भावजींनी दार उघडं ठेवलं होतं, ती तिथून गेली."

"मग सांगा ना सगळ्यांना."

"सांगून काय होतं ते बघितलं मी. आता त्याच्या तोंडून ऐकायचंय. ज्यांच्यासमोर बोलला त्यांच्यासमोरच."

राग धरून ठेवणं सोपं असतं असं लोक समजतात. त्यालाही मेहनत लागते. रोज पहाटे उठून, तोच नळ, तीच तार, आणि भिंतीपलीकडे तोच माणूस शीळ घालत पत्रा ठोकतोय. तिने एकदाही भांडण काढलं नाही. भांडली असती तर राग निम्मा झाला असता, आणि तिला तो अख्खा हवा होता.

पत्रेवाल्याने दुसरं विमान काढलं. तिकोनी इंजिनच, सांगाडा पुन्हा माझाच. पुढची हवेची वाट आधीच्याच फर्म्यावर, तोच वाव सोडून. रेडिएटर कुठून करून घ्यावे ह्या विचारात तो होता तेव्हा वहिनीने माझ्याकडून निरोप धाडला की रेडिएटर ती करेल.

"विष घालणार का त्यात?" त्याने मला विचारलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. एक डाग कच्चा ठेवायचा, बस्स. आकाशात कोण बघायला जातंय.

मी तिला तसं विचारलं. तिने बर्नर बंद केला. "कच्चा डाग दिला तर त्याचं म्हणणं खरं होईल," म्हणाली. "एवढा मोठा उपकार मी त्याच्यावर का करू?"

ते रेडिएटर तिने ज्या जिद्दीने केले तशी जिद्द मी मायेने केलेल्या कामातही पाहिलेली नाही. प्रत्येक नळी घासून लख्ख. प्रत्येक शिवणीवर आतून एकदा आणि बाहेरून एकदा डाग. दोन वेळा तिनेच केलेला जोड तिने पुन्हा उकलला, कारण तिला तो "बरा" वाटला होता. बरा नको होता.

मग तिने सगळी ओळ बोलावली. रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवले आणि पंप दिराच्याच हातात दिला. "भरा हवा, भावजी."

त्याने भरली. पंपाचा काटा विमानाला लागतो त्या दाबाच्या पुढे गेला. "अजून," ती म्हणाली. त्याने अजून भरली. पाण्यावर एक बुडबुडा नाही.

"मान्य?"

"मान्य."

"जरा मोठ्याने, भावजी. टायरवाल्यांना कमी ऐकू येतं."

"मान्य, मान्य!" तो ओरडला. टायरवाला म्हणाला, "मला पहिल्यांदाच आलं होतं ऐकू." ह्या वेळी लोक हसले.

"आणि एक," ती म्हणाली. "उडायच्या आधी जमिनीवर चालवायचं. शेपूट खुंटाला बांधून, पूर्ण जोरात. एक गुडघा पुरे आहे घरात."

धावपट्टीवर सगळे आले. मिस्त्रीही काठी टेकत आला. इंजिन सुरू करायच्या आधी वहिनी विमानाच्या नाकाखाली गेली आणि लोकरीचे लाल धागे बांधून आली. काही जाळीच्या मागच्या अंगाला, काही वावाच्या कडेला. पत्रेवाला आत बसून म्हणाला, "नजर लागू नये म्हणून का, वहिनी?"

"नाही. नजरेस यावं म्हणून."

तिकोनी सुरू झालं. त्याचा आवाज कानात करवत घातल्यासारखा. पंख्याचा वारा सुटला, गवत आडवं झालं. आम्ही बाजूला उभं राहून मागून धागे बघत होतो. वावाच्या कडेचे धागे ताठ उभे राहून फडफडत होते. जाळीवरचे मान टाकून लोंबत होते.

काटा चढायला लागला. बाजूने काट्यावर लक्ष ठेवून असलेल्या गुरुजींनी हाताने खूण केली, बंद करा. पत्रेवाल्याने नुसती मान हलवली. वरती गेलं की थंड होईल, असं तो दातात बोलला असणार. मग रेडिएटरचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी काचेवर आलं. इंजिन बंद झालं.

वाफ विरल्यावर पत्रेवाला खाली उतरला आणि सरळ नाकाखाली शिरला. फडकं गुंडाळून त्याने शिवणींवर हात फिरवला, एकेक करत, सगळ्या. वहिनी जवळ जाऊन उभी राहिली.

"भावजी, फडकं दाखवा."

फडकं कोरडं होतं.

"डाग सुटला?"

"नाही."

"मग काय सुटलं होतं?"

तो उठला. त्याने धाग्यांकडे बघितलं, मग भावाच्या गुडघ्याकडे. आणि एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतक्या हळू बोलला की आम्हाला पुढे वाकावं लागलं. "वाव सुटला."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही वावच."

तो खाली बसला. "वहिनी, चुकलं माझं. आता ह्याचं काय करू, ते तरी सांगा."

"मी काय सांगणार? मी डागवाली," ती म्हणाली आणि घरी निघाली.

मिस्त्री तिच्यामागे काठी टेकत चालला. "मला तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्हाला त्यांचं ऐकू आलं."

उपाय साधा होता. ती फट रबराने बंद करायची. तो उपाय पत्रेवाल्यालाही तेव्हाच कळला. पण ती फट बुजवायला हात उचलला की भावाचा गुडघा समोर यायचा. त्याऐवजी त्याने हवा आत घेणारं तोंड मोठं केलं. आणखी तापलं. आणखी मोठं केलं. शेवटी विमान छपराखाली ढकलून त्यावर ताडपत्री टाकली. गिऱ्हाइकं वहिनीकडे परत आली, आणि ती पहाटे पाचला किडे काढत राहिली.

बऱ्याच काळाने त्याने ते विमान विकलं. गुरुजींनी घेतलं असं त्याला वाटलं. गुरुजींनी फक्त सही केली होती. पैसे वहिनीच्या तारेचे आणि कथलाचे होते.

तिने जुन्या गाडीच्या दाराचं रबर आणलं आणि वाव चारी बाजूंनी बुजवला. फाडलेलं तोंड माझ्याकडून पुन्हा लहान करून घेतलं. वाटेचं तोंड लहान आणि पोट मोठं असलं की हवा आत येऊन मंदावते, दाबली जाते आणि मुकाट्याने जाळीतून जाते. पहिल्या फेरीत काटा मध्यावर गेला आणि तिथेच थांबला. उतरल्यावर तिने जाळीला डोळे लावले आणि पहिल्यांदा तिला मी मोकळी हसताना पाहिलं. जाळी किड्यांनी भरली होती.

आता दर रविवारी सकाळी गुरुजी विमान काढतात. वहिनी शेजारी बसते. मिस्त्री खाली शेपटीची दोरी सोडतो, हातात आग विझवायचं नळकांडं धरून उभा राहतो आणि विमान परत येईपर्यंत बसत नाही. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही. फेरी ठरलेली आहे. धावपट्टीवरून बाजाराकडे, बाजारावरून आमच्या ओळीवर, आणि मग पत्रेवाल्याच्या घरावर. त्याच्या घराचं छप्पर पत्र्याचं आहे, त्याने स्वतः बसवलेलं, वाव सोडून. तरी ते वाजतं. तो चहाचा कप हाताने झाकून बसतो, आवाज जाईपर्यंत वर बघत नाही.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, झालं आता. कबूल केलं त्याने."

"केलं ना. मी कुठे काय म्हणते?" ती म्हणाली आणि पेट्रोलचा डबा मला उचलायला दिला. "जपून. आठवडाभराची मजुरी आहे त्यात."