तिची जिवंत मरळ

गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती आधी टबावरचं ओलं गोणपाट सारायची आणि म्हणायची, "थांबा जरा. तिले वर येऊन दम घेऊ द्या." मरळ वर यायची, हवेचा एक घोट घ्यायची, पुन्हा खाली. लोक बघत उभे राहायचे. आणि मी? अकोल्याच्या त्याच मासळीबाजारात, शेजारच्या ओट्यावर बर्फातले रोहू-कटले मांडून माशा हाकलत बसायची.

तुम्हीच सांगा, जीव जळणार नाही? मी त्या ओट्यावर म्हातारी झाले, ती आली परवा-परवा. आणि जठारपेठेतल्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या!

वर तिचे नखरे. लाल पिलांचा थवा राखणारी मरळ कोणी धरून आणली तर घ्यायची नाही. म्हणायची, "मायबाप गेले का पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात."

"मोठी आली पुण्यवान! मासेच विकतं ना वं तू?"

"विकतो ना. पण लेकुरवाळी नाही."

एकदा ईर्षेनं मीही मरळ आणली. तिच्या टबात अर्धंच पाणी असायचं, मी ड्रम काठोकाठ भरला. मासा आहे, जितकं पाणी तितका खूश! उडी मारू नये म्हणून घट्ट झाकण, वर दगड. दुपारी डॉक्टरीणबाई दिसल्या. हाक मारून बोलावलं, ऐटीत झाकण काढलं. साऱ्या मेलेल्या.

ती उठून आली. वाटलं, आता हसेल. ड्रममध्ये वाकून हळूच म्हणाली, "हवेले जागाच नाही ठेवली वं. बुडून मेल्या."

मासा, आणि बुडून मेला! मग तीच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आत्ताच गेल्या आहेत, ताज्या आहेत. इथूनच घ्या. माह्या आज संपल्या."

तिच्या गोणपाटाखाली शेपटीचा फटका मला स्पष्ट ऐकू आला. खरं सांगते, त्या दिवशी मी तिच्यावर जितकी जळले, तितकी कधीच नाही.

यंदा उन्हाळ्यात ती वारली. आता मरळ माझ्याकडेच मिळते. परवा डॉक्टरीणबाईंनी माझ्या अर्ध्या भरलेल्या ड्रमकडे बघून विचारलं, "हे तिनंच शिकवलं ना तुम्हाला?"

"नाही जी," मासा तोलता तोलता मी म्हणाले, "आमच्यात पहिल्यापासून असंच ठेवतात."