गाऱ्हाण्यातली मोकळी जागा

पन्नाशी उलटलेल्या माणसाने पंक वाजवणं घरात कोणालाच पटत नाही. शिव्या देत, आदळआपट करत म्हटलेलं रॉक ते. माझे गुडघे दुखतात, कानात कायम शिटी वाजते. तरी आमचा बँड टिकला. डिलाईल रोडवर आम्ही तिघांनी सुरू केला, मग गिरण्या गेल्या, निम्मी चाळ बदलापूरला गेली, पण आम्ही दर रविवारी मंडळाच्या खोलीत तालीम करतच राहिलो. गाणारा कोकणातल्या घरचा, गिटारवाला त्याचा मावसभाऊ आणि ड्रमवर मी, समोरच्या बौद्ध चाळीतला.

लोक आम्हाला ओळखायचे ते एकाच गाण्यामुळे. गाऱ्हाणं. कोकणात देवापुढे उभं राहून मागणं मागतात आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, ते. गाणाऱ्याने त्यात तुंबलेले संडास, बंद पडलेले भोंगे, पसार झालेले मालक, सगळं कोंबलं होतं. पहिल्याच तालमीला मी सांगून टाकलं, “देवाचं नाव आलं तर मी वाजवणार नाही.” तो भडकला. आठवडाभर तोंड फिरवून बसला. मग आला आणि म्हणाला, “बरा. नावाच्या जागी तू ठोको मार.”

तेव्हापासून नावाची जागा आली की तो तोंड मिटायचा आणि मी एक सणसणीत ठोका द्यायचो. त्याचे वडील गावी गाऱ्हाणं घालायचे. त्यांनी आमचं एकदा ऐकलं आणि मधूनच उठून गेले. नंतर कितीतरी दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. तरी त्याने ती जागा मोकळीच ठेवली. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावलं. लॉबीत गिरणीचं एक चाक पॉलिश करून काचेत ठेवलं होतं. भिंतीवर कामगारांचे फोटो, त्यांच्याखाली चीजच्या बशा. जावं की राहावं करत शेवटी ड्रमवर बसलो.

गाऱ्हाणं सुरू झालं. नावाची जागा आली, मी काठी उचलली आणि त्याने तोंड मिटलंच नाही. बिल्डरचं नाव घेतलं. पुढे ‘साहेब’ लावून. समोरच्यांनी ग्लास उंचावून ‘व्हय म्हाराजा’ केलं आणि खिदळले. दुसऱ्या कडव्यात परत तेच, वर हात जोडून! इतकी किळस मला कधी आली नव्हती. मी काठ्या मांडीवर ठेवल्या. गाणं माझ्यावाचून पार पडलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

स्टेजमागे तो टॉवेलने मान पुसत होता.

“माझ्यासाठी तू तुझ्या देवाला बाहेर ठेवलंस,” मी म्हटलं. “बापाला दुखवलंस. आणि ह्याला आत घेतलंस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“देव रागावणा नाय रे,” तो हळूच म्हणाला. “ह्ये रागावतत.”