नागेशचा चौथी पास दाखला

१२ जून १९८६. पेरणीसाठी मी तुरीचं बी निवडत बसले होते, तेव्हा पोस्टमननं तहसीलचं पाकीट आणून दिलं. माझ्या अठरा वर्षांच्या मुलाची, नागेशची, अपंग पेन्शन नामंजूर झाली होती. कारण एका ओळीत होतं: हातपाय धड, चौथी पास, काम करण्यास समर्थ.

नागेशचा आजार सात वर्षांपूर्वी हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितला होता. ऑटिझम. म्हणजे लेकराला दिसतं, ऐकू येतं, पण माणसांशी बोलणं-वागणं जुळत नाही आणि आवाज सोसत नाही. यावर औषध नाही, शिकवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही शिकवत राहिलो. अजूनही "जेवलास का" विचारलं की तो "जेवलास का" असंच म्हणतो. समोर ठेवलेलं जसंच्या तसं उतरवून काढतो, अक्षरही चांगलं आहे. काय लिहिलं ते त्याला कळत नाही. एकटा सोडला तर विहिरीकडे जातो.

पेन्शन नामंजूर झाली ती माझ्या चुकीमुळे. अर्जाला वयाचा पुरावा हवा होता, म्हणून मी ट्रंकेतला शाळा सोडल्याचा दाखला जोडला. तुमच्या घरी असं लेकरू असेल तर जन्मनोंदीचा उतारा काढा. मला ते सुचलं नाही.

दाखल्यावर चौथी पास लिहिलं होतं, तेही मीच मागून घेतलेलं. हैदराबादहून आल्यावर नागेशचं नाव शाळेतून काढलं, तेव्हा थोरलीची सोयरीक चालली होती. भाऊ वेडा आहे असं सासरी कळलं तर जुळलेलं मोडेल, म्हणून मी हेडमास्तर गुरुजींच्या घरी तीनदा गेले. दोनदा ते नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी लिहून दिलं.

अपील बिदरला असिस्टंट कमिशनरांकडे केलं. दोन तारखा नुसत्या बसून काढल्या. तिसऱ्या तारखेला मालकांना, म्हणजे नागेशच्या वडिलांना, कोळारच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून आमच्या जनवाडा गावाहून मी आणि नागेश दोघंच गेलो. व्हरांड्यात टाइपरायटर वाजत होता. कानावर हात ठेवून नागेश भिंतीला कपाळ लावून दोन तास उभा राहिला. कारकून फाइल चाळत म्हणाला, "अक्का, ह्यो तर आमच्या शिपायापेक्षा शिकलेला हाय की."

आत गेल्यावर मात्र नागेश खुर्चीवर गप्प बसला. तसं बसायला मीच वर्षभर शिकवलं होतं.

साहेबांनी नाव विचारलं. त्यानं प्रश्नच परत म्हटला. मी हैदराबादचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि दाखल्यावर बोट ठेवलं.

"बाई, डॉक्टर म्हणतो याला कळत नाही. शाळा म्हणते पास. दोन्हींतलं एक खोटं असणार."

गुरुजींच्या नोकरीला एक वर्ष उरलं होतं. हे ठाऊक असूनही मी बोलले.

"शाळेचा खोटा हाय, साहेब. पोरगा कवाच पास झाला न्हाई."

"म्हणजे हेडमास्तरनं खोटं लिहिलं?"

"मी लिहायला लावलं. पोरीचं लगीन अडायलं होतं."

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला लेखी द्यायला सांगितलं. मी लिहिलं, सही केली. त्यांनी निकाल सांगितला: अपील मान्य नाही, फेटाळलंही नाही, गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात नवी तपासणी, मग तहसीलनं पुन्हा विचार करावा. माझ्या जबाबाची प्रत शिक्षण खात्याला जाईल. परतीच्या बसमध्ये नागेश खिडकीच्या गजाला गाल लावून झोपला. मी जागीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी त्याला घेऊन गुरुजींकडे गेले. खात्याच्या कागदातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. ते ऑफिसचं कुलूप काढत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझ्या दबावानं लिहिलं असं सांगा, मी नाकारणार नाही, असंही मी म्हणाले.

"दबाव कसला," गुरुजी म्हणाले. "लेकरू चार वर्षं माझ्याम्होरं बसलं. मला ठाऊक न्हवतं व्हय? चौकशीला आले तर तसंच सांगीन."

मग त्यांनी विचारलं, "पेन्शनचं झालं का?"

"न्हाई अजून. परत तपासणी हाय."

ते आत गेले. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. पायरीजवळ पोरं जमू लागली होती. घंटा झाली असती तर नागेश बिथरला असता, म्हणून मी त्याचा हात धरला आणि बिदरच्या बसकडे निघाले. नव्या तपासणीच्या कागदावर त्याचा फोटो लागत होता. स्टुडिओत पोचलो तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं.