कौसाबाईंच्या घरातल्या चुली

घरोघरच्या पाहणीची माहिती तपासायची आणि त्यातून अहवाल तयार करायचा, हे आमचं काम. उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे. डेटात चूक दिसली की ती दुरुस्त करायची, नाही तर काढून टाकायची, असा नियम. किस्से काढून टाका असं मात्र कुणी म्हणत नाही. त्यामुळे ते साठतच जातात. मला रोजनिशीची सवय, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

*

पाहणीचा पहिला धडा असा : एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. छतं कितीही असोत, चूल बघायची! आमच्या प्रमुख देशमुख मॅडम प्रत्येक ट्रेनिंगला हे बजावून सांगतात.

एकदा सलीमभाईंनी हात वर केला. ते आमचे फील्ड सुपरवायझर. तेव्हा त्यांची बायको माहेरी गेलेली, जेवण दोन्ही वेळ खालच्या हॉटेलात.

"मॅडम, फिर तो वो पूरा हॉटेल मेरा कुटुंब है!"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "आणि कुटुंबप्रमुख तुम्ही. जाताना सगळ्यांचं बिल भरा."

*

शेंद्र्याला एकजण दिवसा शेती करायचा आणि रात्री कंपनीत जायचा. फॉर्ममध्ये मुख्य व्यवसायाला जागा एकच.

सलीमभाईंनी विचारलं, "दोन्हींतला मुख्य कोणता?"

तो विचारात पडला. "ज्याच्यात जागं ऱ्हावं लागतं, तो धरा."

आतून बायकोचा आवाज आला, "मंग कंपनी ल्याहा! शेतात तर ते झोपायलाच जातेत!"

*

मेंढ्यांचा रकाना हे आमचं कायमचं दुखणं. मेंढपाळाच्या घरी आकडा सांगत नाहीत, दृष्ट लागते. सलीमभाईंनी एका आजोबांना तऱ्हेतऱ्हेनं विचारून पाहिलं. शेवटी त्यांनी उत्तर जसंच्या तसं लिहून आणलं : 'सकाळी जेवढ्या जातेत, सांजच्याला तेवढ्याच येतेत.'

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "निष्कर्ष उत्तम आहे. पण तक्त्यात कुठं बसवू?"

*

आमची अजून एक पद्धत आहे. अहवाल छापायच्या आधी त्यातले निष्कर्ष गावात वाचून दाखवायचे. देवगाव रंगारीला मॅडमनी पडद्यावर गोल पाय चार्ट लावला. कोण कुठून पाणी आणतं, ते रंगीत फोडी करून दाखवलेलं. पुढं बसलेल्या एका बाबांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"ही वाटणी कुणी केली? हा कडंचा बारका तुकडा कुणाच्या माथी मारला?"

"बाबा, जमिनीचं नाही हे. पाण्याचं आहे."

"मंग तर मोजणी पुन्हा करा! पाण्याकडचं सारं एकालाच?"

त्या दिवसापासून आमच्या अहवालात गोल चित्र नाही.

*

त्याच सभेतून एक म्हातारी आमच्या मागं लागली. कौसाबाई. दोन दिवसांनी एस.टी.नं थेट ऑफिसात हजर!

"मॅडम, तुमी सभेत वाचलं की, आमच्या आळीत एक घर वेगळं निघालंय. ते माझं हाय. एकच करा."

"आजी, आम्ही कुणाचं नाव घेत नाही."

"नाव कशाला लागतंय? आळीत दुसरं हाय कोण? तुमी वाचलं आन् समदी सभा माझ्याकडं वळली! बोलण्यातलं विरून जातंय, छापलेलं नाय विरत. एकदा छापलं की पोरं म्हणतील, आता झालोच वेगळे."

धाकट्या सुनेनं आतल्या खोलीत गॅस घेतला होता. थोरली अजून चुलीवरच. पाहणीच्या हिशेबानं दोन कुटुंबं, त्यात चूक काहीच नव्हती.

मॅडमचा आवाज मऊ झाला, पण म्हणाल्या तेच. "विनंतीवरून डेटा बदलत नाही. शंका असेल तर पुन्हा भेट देतो. त्या दिवशी जे दिसेल ते लिहितो."

"व्हय? जे दिसंल ते?" कौसाबाई लगेच उठल्या. चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात मी आणि सलीमभाई गेलो. सगळं घर एका पंगतीला बसलेलं. चुलीपुढं थोरली कालवण ढवळत होती, धाकटी भाकरी थापत होती.

"गॅसचं काय झालं?" मी विचारलं.

"रेग्युलेटर कुठं गेला, काय ठाव!" धाकटी म्हणाली. "समदं घर हुडकलं. पोरं उपाशी ठेवू का? ताई म्हणल्या, ये हिकडंच."

"भाकरी लई पातळ करती ही," थोरली म्हणाली. "मला मेलीला कधी जमलंच नाय."

धाकटी खाली मान घालून हसली. सलीमभाईंनी दोघींना पुन्हा एकदा विचारलं आणि फॉर्म भरला : चूल एक.

कौसाबाई आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आल्या. सलीमभाईंना सुपारी द्यावी म्हणून त्यांनी कमरेची चंची सोडली. ती बरीच फुगलेली होती. सुपारीच्या आधी रेग्युलेटर बाहेर आला.

कौसाबाईंनी तो शांतपणे आत सारला, सुपारी काढून दिली, दोरी आवळली.

"अहवाल कवा छापता मंग?"