मोफत जागेविरुद्धचा अर्ज

तो निनावी अर्ज मी केला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला संशय असावा, पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी तिच्यासमोर त्या विषयाजवळ फिरकलो नाही.

आम्ही तेव्हा करंजाड्यात भाड्यानं राहत होतो. चार मजल्यांची इमारत, खाली गाड्या, सगळ्यात वर घरमालक. त्याला सगळे शेठ म्हणत, मीही म्हणायचो. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या त्यांच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यानं ही इमारत उभी केली होती, आणि अशीच आणखी एक उलव्याकडे. माझी नोकरी कळंबोलीच्या एका गोदामात, मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी ठेवायची. पगार बँकेत जमा व्हायचा. म्हणजे माझी मिळकत सरकारला पैशापर्यंत माहीत, आणि शेठची कुणालाच नाही.

त्या वर्षी आमच्या इमारतीशी संबंध असलेली तीन मुलं एकाच खाजगी शाळेत, पहिलीच्या एकाच वर्गात गेली. माझा मुलगा फी भरून. शेठचा धाकटा मोफत जागेवर. गरीब घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या ज्या जागा असतात, त्यांतली एक. इमारती त्याच्या आईच्या नावावर होत्या. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो माणूस खरोखर गरीब होता. तिसरी, आमच्या इमारतीचे जिने पुसायला येणाऱ्या बाईची मुलगी. तीही मोफत जागेवर, पण तिच्या आईकडे खरंच काही नव्हतं. वाडीवरून आलेली बाई, नवरा बांधकामावर, राहायला गाढी नदीच्या अंगाला पत्र्याची शेड.

या बाईचा फॉर्म मीच भरला होता. शाळेपासून किलोमीटरभराच्या आत राहणाऱ्यांचा नंबर आधी लागतो आणि घर कुठे आहे ते ऑनलाइन नकाशावर खूण करून दाखवावं लागतं. तिची शेड लांब पडत होती. मी ती लाल खूण उचलली आणि आमच्या इमारतीवर आणून ठेवली. पत्त्याला आधार म्हणून एक कागद हवा होता. शेठकडे गेलो. तो गाडी पुसत होता.

"काय लिवायचाय तो लिवा," म्हणाला. "हितंच राहते म्हणून लिवा. सही कुठं करू?"

वाचलंही नाही. सही केली. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे बोललो त्यात ही सही मी कधीच मोजली नाही.

बायकोचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. "अहो, गावातली जिल्हा परिषदेची शाळा काय वाईट आहे? तिथल्या बाई घरोघर फिरून मुलांची नावं विचारतात. आपल्यालाही झेपेल, हिच्या पोरीलाही." मी ऐकलं नाही. गोदामातल्या सगळ्यांची मुलं टाय लावून जात होती. आणि त्या बाईला तर मी ऐटीत सांगितलं होतं, "सरकारी शाळेत कशाला? मी बघतो." जिल्हा परिषदेच्या बाईंनी तिच्या मुलीचं नाव वहीत लिहून नेलं होतं, ते तिनं माझ्या सांगण्यावरून काढायला लावलं.

गणपतीपर्यंत माझं ओढूनताणून चाललं. मग पगार दोन महिने पुढे गेला. शाळेनं फी थकलेल्या मुलांना सहलीच्या यादीतून वगळलं, आणि ती यादी दारावरच्या फळ्यावर लावली. मी ती वाचत उभा असताना शेठ मुलाला सोडायला आला. पांढरी मोठी गाडी. त्यानं यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात टाकला.

"काय साहेब, भरून टाका ना. तुमी भरता म्हणून तर शाला चालते. नायतर आमची पोरं फुकटात शिकली असती काय?"

शेजारच्या दोघातिघांनी हसून घेतलं. मीही हसलो. तेच मला अजून टोचतं, की मीही हसलो.

त्याला वाईट वाटावं, त्याची मान खाली जावी, एवढीच इच्छा नव्हती माझी. मला त्याचा मुलगा त्या वर्गातून बाहेर काढलेला पाहायचा होता. सहा वर्षांचं पोर. दप्तर घेऊन, सगळ्यांसमोर, फाटकाबाहेर. गोदामात नोंदी करताना मी ते चित्र पुन्हा पुन्हा रंगवायचो आणि मला बरं वाटायचं.

एक दिवस दुपारी सुट्टी टाकून मी जुन्या पनवेलला गेलो. ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा झेरॉक्सच्या दुकानात शिक्षण विभागाला पाठवायचा अर्ज टाईप करून घेतला. फक्त शेठचं नाव घातलं असतं तर त्यानं तासाभरात ओळखलं असतं की हा भाडेकरूचाच उद्योग. म्हणून मी हुशारी केली. लिहिलं, "सदर शाळेतील सर्व मोफत प्रवेशांची, पालकांच्या उत्पन्नाची व राहत्या पत्त्याची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी." टाईप करणाऱ्या मुलीनं विचारलं, "पत्त्याचीपण लिहू ना काका?" तेव्हा मला ती जिने पुसणारी बाई आठवली. आठवली नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आठवली होती. मी म्हणालो, "लिही."

शिक्षण विभागाचे दोघे तपासणीला आले तेव्हा मी घरीच होतो. खाली उतरून माझ्या स्कूटरशी काहीतरी खुडबुड करत ऐकत राहिलो. शेठनं फाईल आणली. दाखला बरोबर, नावावर काही नाही, राहणं आईच्या घरात. त्याचं पाच मिनिटांत झालं. मग त्यांनी बाईचं नाव घेतलं.

"हितंच राहते," शेठ म्हणाला. "माजीच माणूस हाय."

"खोली दाखवा."

शेठनं इकडेतिकडे पाहिलं. खाली मीटरची खोली होती, त्यात झाडू आणि पाण्याचा पंप. "आता गावाला गेलीय," तो म्हणाला. तेवढ्यात ती हातात बादली घेऊन जिन्यावरून खाली आली. नाव विचारल्यावर तिनं नाव सांगितलं, आणि कुठं राहतेस विचारल्यावर खरं सांगितलं. तिला खोटं बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.

आठवड्याभरात तिच्या मुलीचा प्रवेश रद्द झाला. दप्तर घेऊन फाटकाबाहेर ती आली. शेठचा मुलगा आत राहिला.

बाई माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "दादा, तुमी तर सगला बरोबर भरलेला. मग शेठ फिरला काय? त्यानंच सांगितला असल का ही हितं राहत नाय?"

शेठ तिच्यासाठी खोटं बोलला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि मी म्हणालो, "दुसरं कोण सांगणार?"

तिनं त्याच संध्याकाळी खाली गाड्यांमध्ये उभं राहून शेठला वाट्टेल ते सुनावलं. "लेकराचा घास काढलास! तुजा फुकट चालतो, माजी पोर डोल्यात सलली तुज्या!" खिडक्या उघडल्या. सगळी इमारत ऐकत होती. शेठ आधी समजावत होता, "अगं, मी कशाला सांगू? मी तर सही दिली," मग त्याचा आवाज चढला. शेवटी मान खाली घालून तो वर गेला. मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होतो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जेवढं गार वाटलं तेवढं आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिचं काम सुटलं. जिल्हा परिषदेच्या बाई तिच्या शेडपर्यंत जाऊन आल्या. मुलीला वर्षाच्या मध्येही घ्यायला त्या तयार होत्या. पण काम नाही म्हटल्यावर ती नवऱ्यासोबत तोवर वीटभट्टीवर निघून गेली होती. मुलीला बरोबर नेलं.

दिवाळीनंतर बायकोनं मला न विचारता माझ्या मुलाचं नाव त्या खाजगी शाळेतून काढलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. तो चांगला शिकतोय. पाढे म्हणतो, भांडणं करून येतो, बाईंच्या तक्रारी सांगतो. एकदा त्यानं विचारलं, "बाबा, ती आपल्या जिन्यावर खेळायची ती कुठल्या शाळेत आहे?" मी म्हणालो, "तिच्या गावाला असेल."

गावाला नाही. गेल्या हिवाळ्यात मी कामानिमित्त गव्हाणला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एका साइटवर ती बाई दिसली, घमेलं उचलत होती. शेजारी मुलगी, उंच झालेली, कडेवर लहान भाऊ. शाळेची वेळ होती. बाईनं मला ओळखलं, हात वर केला, हसली. "दादा, बरे हाव ना?" म्हणाली. आणि लगेच, "त्या शेठचं काय झालं वो? देव बघल त्याच्याकडं." मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

शेठ मला आजही आवडत नाही. त्याची गाडी दिसली की अजूनही माझे दात आवळले जातात. त्यानं गरिबाची जागा खाल्ली, आणि ते मला कधी पटणार नाही. पण तिला त्यानं फसवलं नव्हतं. मी फसवलं.

मला गव्हाणला जाऊन तिला सांगायचं आहे की पत्ता खोटा मी लिहिला, अर्ज मी केला, आणि शेठचं नाव मी घेतलं. तिच्या मुलीला शाळेत नेऊन बसवायचं आहे. आणि मग त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊन, ज्याचं तोंड पाहायची इच्छा नाही त्या माणसाला सांगायचं आहे की इमारतीसमोर त्याच्यावर जो आळ आला तो माझा होता. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.