खरशूफाचा काढा आणि दोन हात

अलेक्झांड्रियाच्या त्या प्रयोगशाळेत उंदरांना औषध पाजावं ते अफकारनेच. पंचवीस वर्षं झाली. नळी घशात घालायची, उंदराला कळायच्या आत काढायची. एकसुद्धा गुदमरला नाही, हे ती येईल त्याला ऐकवायची. आणि आता तिच्या टेबलाशी रिहाम उभी होती. तेवीस वर्षांची, नखं रंगवलेली!

झालं होतं असं, की हिशामच्या, म्हणजे मुलाच्या लग्नासाठी अफकारने आठ दिवस रजा घेतली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर इनास यांचा नियम एकच: सुरुवात ज्या हाताने, शेवटही त्याच हाताने. म्हणून त्याच आठवड्यात सुरू झालेला खरशूफाचा, म्हणजे आर्टिचोक या भाजीचा प्रयोग नव्या पोरीकडे गेला.

खरशूफाच्या पाकळ्यांची पोती मात्र अफकारच मंडईतून उचलून आणायची. आतला गर लोक खातात, बाहेरच्या जाड पाकळ्या कचऱ्यात जातात. त्या पाकळ्यांचा काढा अर्ध्या उंदरांना दोन आठवडे पाजायचा, उरलेल्यांना नुसतं पाणी, मग सगळ्यांना तापाच्या औषधाचा यकृत बिघडवणारा जबर डोस द्यायचा आणि काढ्याने यकृत वाचतं का ते बघायचं. पुढचा प्रयोग डाळिंबाच्या सालीचा होता. "हा नीट पार पडला तर डाळिंबही रिहामकडे. नाहीतर तुमच्याकडे, उम्म हिशाम," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. अफकारला सगळे उम्म हिशाम, म्हणजे हिशामची आई, म्हणूनच हाक मारायचे.

"उंदीर कसे शांत बसतात हिच्या हातात!" डॉक्टर म्हणायच्या.

"झोपाळू लॉट आहे या वेळचा," अफकार म्हणायची.

जबर डोसाच्या आदल्या दिवशी रिहामने पिंजरे धुतले. कोणता उंदीर कुठला, ते पाठीवरच्या पिवळ्या ठिपक्यांवरून कळायचं. ठिपके फिके पडले होते, पोरीने ते पुन्हा लावलेच नाहीत. धुऊन झाल्यावर काढ्याच्या पिंजऱ्यातला एक उंदीर साध्या पाण्याच्या पिंजऱ्यात गेला आणि तिथला इकडे आला. अफकारने ते पाहिलं. काढ्यावाल्याच्या डाव्या कानाला चीर होती, चुकायचा प्रश्नच नव्हता.

तोंड उघडलं होतं तिने. तेवढ्यात रिहाम गुणगुणायला लागली. अफकारने तोंड मिटलं, एप्रनला हात पुसले आणि ट्राम पकडली. घरी नव्या सुनेने विचारलं, "काय झालं, आई?" तर म्हणाली, "काही नाही. उद्या होईल."

सकाळी डॉक्टर डोस मोजत होत्या. रिहामने एकेक उंदीर उचलून, नळी समोर धरून बघितला. काढ्याच्या पिंजऱ्यातला तिसरा हातात घेतला आणि तशीच थांबली.

"डॉक्टर, हा माझा नाही."

"म्हणजे?"

"काढ्यावाले नळी दिसली की मान मागे टाकतात, कडू लागतं ना. हा नाही टाकत. काल धुताना माझ्याकडून अदलाबदल झालीय बहुतेक."

मान मागे टाकणं! ती खूण अफकारने स्वतः कोणाला सांगितली नव्हती. तिला ती सापडायला चार वर्षं लागली होती. या पोरीला दोन आठवडे!

"उम्म हिशाम, खरंय का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही" म्हणायला काय लागतं? डॉक्टरांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता. पण उंदीर रिहामच्या तळहातावर स्वस्थ बसला होता, मान सरळ ठेवून.

"खरंय. दुसरा त्या पिंजऱ्यात आहे, कान चिरलेला. कालच बघितलं मी."

"कालच? आणि बोलला नाहीत?"

"म्हटलं, हिला कळतंय का बघू."

"आणि नसतं कळलं तर?"

"तर डाळिंब माझ्याकडे आलं असतं."

शंका आलेला उंदीर हिशोबात धरायचा नाही, म्हणून डॉक्टरांनी वहीत त्या दोन्ही उंदरांवर काट मारली. मान वर न करता म्हणाल्या, "डाळिंब रिहामकडे."

मोरीपाशी रिहामने तिला गाठलं. "काय हो, माझा खड्डाच खणून ठेवलात की!"

"मी कशाला खणू? तू स्वतःच पडत होतीस. मी काठावर उभी होते."

"हात तर द्यायचा!"

आत डोस सुरू झाले. रिहामने पहिला उंदीर उचलला, अंगठा जबड्याखाली, नळी आत, नळी बाहेर. उंदराने मिशी हलवली, बस्स. अफकार दारातून बघत राहिली. एकेक करत उरलेले बावीसच्या बावीस उंदीर होईपर्यंत तिथून हलली नाही, आणि चूक एकही सापडली नाही.