कोल्हीण कुणाच्या आवाजात बोलते

आमच्या पार्कातल्या ‘कोल्हिणीच्या होडी’च्या सफरीवर अ‍ॅनिमेशनचा सिनेमा निघणार, ही बातमी मार्चमध्ये आली. हिवाळ्यात बंद असलेला पार्क उघडायला तीन आठवडे होते, वाटांच्या कडेला अजून मळकट बर्फ साचलेलं होतं, आणि आम्ही सगळे विश्रांतीच्या खोलीत हीटरभोवती बसून पात्रांना आवाज वाटत होतो.

सोमासाहेब आमचे व्यवस्थापक. त्यांनी फळ्यावर होडीतली पात्रं ओळीनं लिहिली: वाट चुकलेल्यांना पैलतीरी नेणारी कोल्हीण, चंद्र गिळणारा बेडूक, म्हातारा खेकडा. समोर ज्यानं त्यानं आपल्या आवडीच्या नटाचं नाव लिहायचं.

“खेकडा सोमासाहेब करतील,” तिकीटखिडकीवरची आयाने म्हणाली. “तिरकं चालायची सवय आहेच.”

“तुझा बेडूक करतो की नाही बघ,” साहेब हसत म्हणाले.

कोल्हिणीवरून खरी भांडणं लागली. पाच जणांनी पाच नटींची नावं सांगितली. शेवटी कुणीतरी कोपऱ्याकडे वळून विचारलं, “इगराशी-सान, तुम्ही काय म्हणता? तुमचा जन्म गेला त्या होडीवर.”

“मला कुणीही चालेल,” इगराशी-सान म्हणाल्या आणि मोज्याला रफू करायला लागल्या.

इगराशी सुएको तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या. एका कोळ्याची मुलगी. पार्क सुरू झाला त्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी इथे लागल्या. लग्न केलं, सहा वर्षांनी मोडलं. मग अंथरुणाला खिळलेल्या आईचं अकरा वर्षं केलं. आता तोफूच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. काम एकच, होडीच्या धक्क्यावर उभं राहून माणसांना हात देऊन आत बसवायचं. बोलणं अगदी दबकं. त्या बोलायला लागल्या की वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि ह्या जपून बोलतायत. आम्ही समजायचो, स्वभाव आहे.

मी कोगुरे. होडीचे पंप, साखळ्या, दिवे आणि ध्वनियंत्र माझ्याकडे. त्यांच्यापासून दहा पावलांवर, काचेच्या खोलीत सोळा वर्षं बसलोय. मलाही काही कळलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोमासाहेब धावतच आले. चेहरा नुसता फुललेला.

“फळा पुसा! कोल्हिणीसाठी नटी शोधणारच नाहीयेत ते. आपल्या होडीतला मूळ आवाज घेणार. कुझे रान्कोबाईंचा!”

“पण त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली,” आयाने म्हणाली.

“म्हणून तर! संगणक त्यांचा आवाज शिकणार आणि सिनेमाभर नवी वाक्यं बोलणार. वारलेली बाई पुन्हा बोलणार, विचार करा! त्यांच्या मुलीची तेवढी सही हवी. पुढच्या गुरुवारी येतेय ती, टोकियोहून.”

नटी म्हणून कुझे रान्को हे आमच्या भागात मोठं नाव. होडीच्या दाराशी पितळी पाटीवर ते कोरलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इगराशी-सान उठल्या आणि म्हणाल्या, “मी पंप बघून येते.” पंप बघणं हे त्यांचं काम नव्हतं. ते माझं.

साहेबांनी मला सांगितलं, कपाटातली ध्वनिमुद्रणाची जुनी रिळं काढ, साफ कर, स्टुडिओला द्यायची आहेत. मंगळवारी सकाळी मी ती काढली. सात रिळं होती. सहांवर नीट चिठ्ठ्या होत्या. सातव्यावर कुणीतरी नुसती पेन्सिलीनं रेघ मारली होती. चालतंय का बघावं म्हणून मी तेच लावलं.

आधी खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, बहुधा पार्क उभारतानाच्या ध्वनितंत्रज्ञाचा, बाकीच्या चिठ्ठ्यांवर ज्याचं नाव होतं त्या तोयामाचा. “मार्गदर्शक आवाज, चौथी वेळ. इगराशी, आता हसायचं नाही हं.”

एक मुलगी खुदकन हसली. घसा साफ केला. आणि कोल्हीण बोलायला लागली.

तेच वाक्य, तोच सूर, शेवटच्या शब्दावर तोच हलका हेलकावा. दर आठ मिनिटांनी काचेच्या खोलीत मी जो ऐकत आलोय, तोच. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

दुपारी समुद्राच्या बांधावर त्या डबा खायला बसत. मी शेजारी जाऊन बसलो.

“सातवं रीळ लावलं मी.”

त्यांनी भाताचा गोळा डब्यात परत ठेवला.

“सगळं ऐकलंस?”

“अर्धं.”

“मग अर्धंच राहू दे. विसरून जा, कोगुरे-कुन.”

“असं कसं विसरू? गुरुवारी ती मुलगी येतेय. दुसऱ्याच बाईच्या आवाजावर आईच्या नावानं सही करणार ती.”

त्यांनी त्या दबक्या आवाजात एकेक वाक्य तोडून सांगितलं. रान्कोबाई ध्वनिमुद्रणासाठी आल्या तेव्हा त्यांचा घसा पार गेला होता. दोन दिवस प्रयत्न केला, आवाज फुटेना. परवा उद्घाटन. वेळ किती लागतो ते मोजायला तोयामानं आधी तेव्हा तिकीटखिडकीवर असलेल्या पोरीकडून, म्हणजे ह्यांच्याकडून, वाक्यं वाचून घेतली होती. तेव्हाच्या व्यवस्थापकानं सांगितलं, तीच लावा, पाटी बदलायची नाही.

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“त्या माझ्याकडे आल्या. एवढी मोठी बाई, तिकीटखिडकीच्या मागे, चिखलात गुडघे टेकून बसली. म्हणाली, आवाज गेल्याचं बाहेर कळलं तर मला पुन्हा कुणी उभं करणार नाही, पदरात बारा वर्षांची पोर आहे. हे काम माझ्या नावावर राहू दे.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटलं, राहू दे. नंतर त्यांचा घसा थोडाफार सुधारला, कामंही मिळाली. दर नव्या वर्षाला मला पत्र यायचं, एकाच ओळीचं. यंदाही आभारी आहे.”

“म्हणून तुम्ही असं दबकं बोलता.”

“कुणी ओळखलं असतं तर?”

बत्तीस वर्षं. मी म्हटलं, “रीळ मी देणार नाही. पण खोटंही बोलणार नाही. साहेबांनी विचारलं तर सांगेन.”

“दोन दिवस थांब,” त्या म्हणाल्या. “मी शब्द दिलाय. ज्यांना दिला त्या आता मोकळं करायला नाहीत.”

ते दोन दिवस आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. बुधवारी माझ्याकडून दिव्यांची कळ दोनदा चुकीची दाबली गेली. त्या कधी नव्हे त्या एका म्हातारबुवांना हात द्यायला विसरल्या, आणि ते धक्क्यावर तोल सावरत उभे राहिले.

गुरुवारी अकरा वाजता काळी गाडी आली. स्टुडिओचे निर्माते हिराबायाशी, हसतमुख, हातात पातळ संगणक. त्यांच्यासोबत कुझे मिनोरी, चव्वेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, केस घट्ट बांधलेले. सोमासाहेबांनी कमरेत वाकून स्वागत केलं आणि बांबूच्या पानात गुंडाळलेले दांगो, तांदळाचे गोड गोळे, पुढे केले. तिनं हात लावला नाही.

“आधी होडीत बसते,” ती म्हणाली. “आईनं मला इथे कधी आणलंच नाही. मी हट्ट केला तरी नाही.”

इगराशी-साननी हात पुढे केला. मिनोरी तो धरून होडीत उतरली. काचेतून मला दोघींचे हात दिसले. सोडायला जरा जास्तच वेळ लागला.

आठ मिनिटांनी होडी परत आली. मिनोरीचा चेहरा कोरा होता. “छान आहे,” एवढंच म्हणाली.

मग सगळे कचेरीत. रिळं आणि ती वाजवायचं यंत्र घेऊन मलाही बोलावलं होतं. साहेबांनी इगराशी-साननाही चहा द्यायला आत बोलावलं. सहीचे कागद टेबलावर मांडलेले, त्यांच्या शेजारी पेन.

हिराबायाशी म्हणाले, “सही करण्याआधी एक छोटीशी भेट. होडीत चालू असलेल्या आवाजावरून आमच्या यंत्रानं थोडा अभ्यास केलाय. ऐका.”

त्यांनी कळ दाबली. आणि त्या खोलीत एकोणीस वर्षांच्या सुएकोचा आवाज, तिनं आयुष्यात कधी न उच्चारलेलं वाक्य बोलला:

“मिनोरी, आलीस? किती वर्षं वाट बघत होते मी तुझी.”

मिनोरीनं टेबलाची कड धरली. हिराबायाशी अपेक्षेनं तिच्याकडे बघत होते, बहुधा ती रडेल म्हणून. तिनं पेन उचललं, टोपण काढलं, पण ते कागदावर टेकेना.

मी रिळांच्या खोक्यावर हात ठेवून उभा होतो. आता बोलावं, की आणखी एक क्षण थांबावं?

“ती तुमची आई नाही.”

हे दबक्या आवाजात नव्हतं. खणखणीत, स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा मी इगराशी-साननी तसं बोललेलं ऐकलं. चहाचा ट्रे त्यांच्या हातातच होता.

“काय बोलताय?” सोमासाहेब उठले. “इगराशी-सान, बाहेर व्हा!”

“तो माझा आवाज आहे. त्याच्याकडून तुम्ही हिला ‘मी तुझी आई’ म्हणवून घेताय. मी सगळं सहन केलं असतं. हे नाही.” त्या मिनोरीकडे वळल्या आणि डोकं जमिनीकडे जाईल इतक्या वाकल्या. “तुमच्या आईला मी शब्द दिला होता. आज मोडला. माफ करा.”

“इगराशी-सानना बरं नाहीये,” साहेब हिराबायाशींना म्हणाले. “हवा बदलली की...”

“थांबा,” मिनोरी म्हणाली. वर्गात म्हणत असेल तसं. साहेब बसले.

“होडीत बसल्यापासून मला हेच कळत नव्हतं,” ती हळूहळू बोलली. “मला वाटलं, आवाज विसरले मी. आपल्याच आईचा आवाज मला आठवत नाही म्हणून मला लाज वाटत होती. आणि आता हे.” तिनं संगणकाकडे बोट दाखवलं. “आई मला मिनोरी म्हणायचीच नाही. चिमणी म्हणायची. पन्नाशीची झालीस तरी तू चिमणीच, म्हणायची.” मग इगराशी-सानना विचारलं, “पुरावा आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सातवं रीळ काढलं.

तोयामाचा आवाज, ते हसणं, चौथी वेळ. हिराबायाशींनी डोळे मिटून घेतले. सोमासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मी यंत्र थांबवायला गेलो तर इगराशी-सान म्हणाल्या, “अजून आहे. चालू दे.”

ते अर्धं मी ऐकलंच नव्हतं. खरखर झाली, आणि मग एक फाटका, घोगरा, ओढलेला आवाज. कोल्हिणीचं पहिलं वाक्य निम्म्यात तुटलं. खोकला. “माफ करा तोयामा-सान, पुन्हा घेऊ.” पुन्हा सुरुवात, पुन्हा तुटलं. आणि मग माइकपासून जरा लांबून, स्वतःशीच: “चिमणीला काय सांगू आता घरी जाऊन...”

मिनोरीनं पेनाला टोपण लावलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. इगराशी-साननी ट्रे खाली ठेवला आणि त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

सही झाली नाही. मिनोरीनं त्या शेवटच्या तुकड्याची प्रत मागितली, ती मी त्याच दुपारी करून दिली. दाराशी ती इगराशी-सानना म्हणाली, “ती पत्रं आहेत तुमच्याकडे?”

“तेवीस आहेत.”

“मला वाचायला याल का घेऊन, कधीतरी?”

“एकच ओळ आहे प्रत्येकात.”

“तरी.”

पुढचे दिवस वाईट गेले. सोमासाहेबांनी इगराशी-सानना होडीवरून काढून गाड्यांच्या तळावर उभं केलं. पार्कानं इतकी वर्षं लोकांना फसवलं, असं बाहेर बोललं गेलं. आयाने आणि आम्ही सहा जणांनी साहेबांना सांगितलं, त्या परत आल्या नाहीत तर होडी आम्ही चालवणार नाही. जूनमध्ये त्या परत आल्या. मिनोरीनं स्वतः पत्र लिहून पितळी पाटी काढायला लावली. नव्या पाटीवर आपलं नाव घालायला मात्र इगराशी-सान तयार झाल्या नाहीत. सिनेमाच्या शेवटी, होडीचा मूळ आवाज म्हणून ते आलं, कारण तिथे त्यांना कुणी विचारलंच नाही.

स्टुडिओनं त्यांच्या तरुण आवाजावरून यंत्र चालवायची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, “आत्ताचा हवा असेल तर मी येते. तेव्हाचा देणार नाही.” म्हणून त्यांना चाचणीला बोलावलं. मी सोबत गेलो. काचेपलीकडे त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, कपाळावर घाम, कागद दोन्ही हातांत घट्ट. पहिली वाक्यं तशीच दबकी आली. दिग्दर्शिका म्हणाली, “घाई नाही.” मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि पाठ असलेलं बोलल्या. काचेअलीकडची माणसं लिहायची थांबली. तरीही काम मिळालं नाही. आठ दिवसांनी कळवलं, सुंदर होतं, पण कोल्हीण तरुण आहे. ओसाकाच्या बावीस वर्षांच्या मुलीला घेतलं.

मला वाटलं, त्या खचतील. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या होडीतल्या माणसांना हात दिला. “पाय जपून,” त्या म्हणाल्या, तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. लहान मुलं वळून बघायची, होडीत बोलते तीच ही का म्हणून.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. मिनोरी आमच्या जवळच्या नागाओका शहरापर्यंत आली, आम्ही तिघांनी एका रांगेत बसून पाहिला. बाहेर पडल्यावर नूडल्सच्या दुकानात मिनोरीनं विचारलं, “कशी वाटली नवी कोल्हीण?”

इगराशी-साननी सूप संपवलं, वाडगं खाली ठेवलं.

“पोरगी चांगली बोलते. माझ्यापेक्षा चांगली. पण होडी वळते तिथे श्वास घेत नाही. होडीत बसलेली नाहीये ती कधी.” आणि मग माझ्याकडे वळून, “कोगुरे-कुन, पार्क कधी उघडतोय? तिला बोलावून घेऊ या.”